किती तुकडे, ते नको. काय फिरते, ते विचारा

खेळण्यांवर लिहायचे म्हटले की आपल्यातल्या निम्म्या जणी "मुलांचा विषय" म्हणून पुढे जातील. जरा थांबा. वाढदिवस आला, दिवाळी आली, परीक्षेचा निकाल लागला की कोणते खेळणे घ्यायचे, केवढ्याचे घ्यायचे आणि घरातल्या कोणत्या मुलाच्या हातात द्यायचे, याचा निर्णय शेवटी आपल्याच पदरात येतो. मग त्या विषयावर आपले एक मत असायला नको का?

आजचा विषय आहे लेगोच्या टेक्निक गाड्या. लेगो म्हणजे एकमेकींत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण टेक्निक हा त्यातला वेगळा प्रकार. यात विटा कमी आणि भोके असलेल्या पट्ट्या, पिना, दांडे, दाते असलेली चाके जास्त. यातून जी गाडी तयार होते ती नुसती दिसायला गाडी नसते. ती ढकलली की आत काहीतरी फिरते, वरखाली होते, वळते. अशी नवी गाडी येणार अशी बातमी फुटली की मुलांच्या जगात किती खळबळ उडते, हे ज्यांच्या घरी दहा ते पंधरा वर्षांची मुले आहेत त्यांना सांगायला नको.

माझे मत आधीच सांगून टाकते. नवी गाडी जाहीर होणे आणि ती दुकानात येणे यामधले जे काही आठवडे असतात, तेच सगळ्यात कामाचे. त्या दिवसांत मुलांबरोबर बसून "हिच्या आत काय काय असेल?" याचा अंदाज बांधावा. त्या अंदाजावर घ्यायची की नाही ते ठरवावे. आणि घेतली नाही तरी चालेल, पण अंदाज बांधायचा सोडू नये.

थोडी ओळख

लेगो ही डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची कंपनी. ओले किर्क ख्रिस्तियनसेन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळण्यांपासून सुरुवात केली. आजची वीट १९५८ मध्ये पेटंट झाली. टेक्निक प्रकार १९७७ मध्ये आला. त्याच वर्षी मोटारीचा एक उघडा सांगाडा निघाला होता. त्याला ना दरवाजे होते, ना छत. पण त्याचे स्टिअरिंग वळायचे, इंजिनातले दट्टे वरखाली व्हायचे, गिअर बदलायचा आणि बसायच्या खुर्च्यासुद्धा मागेपुढे सरकायच्या. म्हणजे सुरुवातच मुळी "आत काय आहे ते बघा" अशी होती.

१९९४ मध्ये एक मोठी काळी सुपर कार आली. तेराशेहून थोडे जास्त तुकडे, आठ सिलिंडरांचे इंजिन, चार गिअर, चारही चाकांना जोर आणि चारही चाके वळणारी. त्या काळची मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि अजून तिच्या आठवणी काढतात.

मग २०१६ पासून खऱ्या गाड्यांच्या आठपट लहान प्रतिकृतींची मालिका सुरू झाली. २०१६ ची नारिंगी पोर्शे २,७०४ तुकड्यांची. २०१८ ची निळी बुगाटी शिरॉन ३,५९९ ची. २०२० ची पोपटी लॅम्बोर्गिनी ३,६९६ ची. २०२२ ची लाल फेरारी ३,७७८ ची. २०२४ ची पिवळी मॅक्लारेन ३,८९३ ची. दर दोन वर्षांनी एक, हा क्रम तुमच्या लक्षात आलाच असेल. तो क्रम धरून आमच्या घरातली मंडळी आता २०२६ कडे डोळे लावून बसली आहेत.

आकडे बघा, दर वेळी वाढत गेले आहेत. जाहिरातीत पहिल्यांदा हाच आकडा पुढे येतो. आणि नेमके इथेच आपण सावध व्हायला हवे.

तुकड्यांचा आकडा फसवतो

आपण साडी घेताना काय बघतो? नुसती लांबी बघून कोणी साडी घेत नाही. पोत बघतो, वीण बघतो, पदर उलटा करून मागची बाजू बघतो. मग गाडी घेताना नुसते "चार हजार तुकडे" ऐकून का हरखायचे?

टेक्निकच्या मोठ्या संचात त्या हजारो तुकड्यांमधला फार मोठा भाग नुसत्या जोडणीच्या पिनांचा असतो. त्या लागतातच, त्यांच्याशिवाय सांगाडा उभा राहणार नाही. पण पिना वाढल्या म्हणून गाडीत गंमत वाढली असे होत नाही. बाहेरचे पत्रे, दिव्यांचा आकार, दरवाजाचा बाक हे नीट जमवायलाही पुष्कळ तुकडे खर्ची पडतात. १९९४ च्या त्या काळ्या गाडीत आजच्या मॅक्लारेनच्या जवळजवळ एक तृतीयांश तुकडे होते, आणि चार चाके वळवण्याची सोय मात्र होती.

म्हणून आमच्या घरात नियम केला आहे. नव्या गाडीचे चित्र आले की तुकडे मोजायचे नाहीत. एका कागदावर प्रश्न लिहायचे आणि प्रत्येकाने आपला अंदाज लिहायचा. प्रश्न मी इथे देते. तुम्हीही वापरा.

पहिला प्रश्न: ढकलली की आत काय हलते?

खऱ्या गाडीत इंजिन चाकांना फिरवते. खेळण्यात उलटे असते. आपण गाडी ढकलतो, चाके फिरतात, चाकांकडून दांड्यादांड्यांनी ती हालचाल इंजिनापर्यंत जाते आणि तिथले दट्टे वरखाली होतात. मग अंदाज असा बांधायचा: खरी गाडी कोणती आहे? तिचे इंजिन पुढे की मागे? सिलिंडर किती? बुगाटीला सोळा आहेत, तर खेळण्यातही सोळा दिले. फेरारीला बारा, मॅक्लारेनला आठ. म्हणजे नव्या गाडीचे नाव कळले की तिच्या इंजिनाचा अंदाज खऱ्या गाडीवरूनच निघतो. मुले त्यासाठी खऱ्या गाड्यांची माहिती शोधून वाचतात. कोणी "अभ्यास कर" म्हणावे लागत नाही.

दुसरा प्रश्न: गिअर बदलला तर डोळ्यांना काय दिसणार?

गिअरचे गणित आपल्याला नवे नाही. शिलाई मशीन आठवा. खाली पायाजवळ मोठे चाक, वर हाताजवळ लहान चाक. खालचे एकदा फिरले की वरचे कितीतरी वेळा फिरते. इथे पट्ट्याऐवजी दाते असतात, एवढाच फरक. आठ दात्यांचे चाक चोवीस दात्यांच्या चाकाला जोडले, तर लहान चाक तीनदा फिरेल तेव्हा मोठे एकदा फिरेल. वेग तिसऱ्या हिश्शावर येतो आणि जोर जवळजवळ तिप्पट होतो. थोडा घर्षणात जातो.

मोठ्या गाड्यांत अशा जोड्या बदलून सात-आठ गिअर बसवलेले असतात. बुगाटी, लॅम्बोर्गिनी, फेरारीला आठ, मॅक्लारेनला सात. स्टिअरिंगमागची पाती दाबून ते बदलायचे. खालच्या गिअरमध्ये गाडी ढकलली तर दट्टे भराभर हलतात आणि ढकलायला जड जाते. वरच्या गिअरमध्ये दट्टे संथ होतात.

पण माझी तक्रार इथे आहे. गाडी पूर्ण झाली की हा सगळा गिअरबॉक्स पोटात गडप होतो. इतक्या तासांची मेहनत, आणि नंतर बघायला मिळते ती फक्त चकचकीत पाठ. म्हणून अंदाजाच्या कागदावर आम्ही एक ओळ वाढवली आहे: "आतले बघायला झाकण उघडता येईल का?" माझ्या मते चांगल्या गाडीची ही खूण आहे. जे शिकले ते पुन्हा बघता आले पाहिजे.

तिसरा प्रश्न: वळताना चाकांचे भांडण कोण सोडवते?

हा माझा सर्वांत आवडता भाग. मंदिरात दोघीजणी हात धरून प्रदक्षिणा घालतात, तेव्हा आतल्या बाजूने चालणारी सावकाश चालते आणि बाहेरच्या बाजूच्या बाईला भराभर पावले टाकावी लागतात. दोघींनी सारखीच पावले टाकायची म्हटले तर हात ओढला जाईल. गाडी वळताना दोन चाकांचे तेच होते. बाहेरचे चाक जास्त अंतर कापते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर एक घसपटत जाईल. म्हणून मध्ये डिफरन्शियल असते. ते दोघींना जोर देते, पण ज्याचा त्याचा वेग ज्याला त्याला ठेवू देते.

हे मला पुस्तकातून नाही, मामंजींकडून कळले. त्यांचे आयुष्य शेतात गेले. नातवंडांनी खेळण्यातले डिफरन्शियल हातात दिले तेव्हा ते म्हणाले, "हे तर आपल्या ट्रॅक्टरच्या मागच्या धुऱ्यात आहे." मग त्यांनी मुलांना उसाच्या फडात चिखलात रुतलेला ट्रॅक्टर कसा निघतो ते सांगितले. एक चाक चिखलात गरगर फिरते आणि दुसरे जागचे हलत नाही, कारण डिफरन्शियल सगळी फिरकी त्या मोकळ्या चाकालाच देऊन टाकते. तेव्हा पायाने लॉक दाबायचे, म्हणजे दोन्ही चाके एकदम फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. बिलुंडचे खेळणे आणि आमच्या फडातला चिखल यांची अशी गाठ पडली.

२०१९ च्या लँड रोव्हर डिफेंडरमध्ये, २,५७३ तुकड्यांच्या संचात, अशी तीन डिफरन्शियल होती: पुढे एक, मागे एक आणि दोन्हींच्या मध्ये एक. चारही चाकांना जोर असणारी नवी गाडी येणार असेल तर "तीन असतील का?" हा अंदाज जरूर लिहा. आणि "मध्ये लॉक असेल का?" हा प्रश्न मामंजींच्या वतीने.

चौथा प्रश्न: खड्ड्यात गेली तर?

सस्पेन्शन म्हणजे चाकामागची स्प्रिंग. प्रत्येक चाक आपापले वरखाली होते, की दोन चाके एका दांड्यावर एकत्र डुलतात, हे बघायचे. चित्रात टायर आणि वरचा पत्रा यांच्यात किती जागा सोडली आहे ते बघून थोडा अंदाज येतो. तसेच स्टिअरिंगचे. आत बसवलेले छोटे स्टिअरिंग वळवून चाके वळतात, की छतावर किंवा मागे एक गोल बटण आहे ते फिरवायचे? ट्रकच्या बऱ्याच प्रतिकृतींना वर असे बटण असते. चित्रात ते बारकाईने शोधायला लावा, मुलांची नजर तयार होते.

ट्रक, क्रेन, खोदयंत्र असेल तर आणखी एक प्रश्न: बाहू कशाने उचलतो? दोरीने, हवेच्या पंपाने की मळसूत्राने? मळसूत्र म्हणजे आपला शेवेचा सोऱ्या. दांडी फिरवली की आतला दट्ट्या पुढे सरकतो, आणि दांडी सोडली तरी मागे येत नाही. हे मुलांना सोऱ्या हातात देऊन दाखवा, शेव पाडायलाही एक हात वाढेल.

पाचवा प्रश्न: हाताने की फोनने?

यावर माझे मत ठाम आहे, आणि घरात वाद घालूनही बदललेले नाही. २०१९ मध्ये लीबहेर कंपनीच्या खोदयंत्राची प्रतिकृती निघाली. ४,१०८ तुकडे, सात मोटारी, आणि चालवायची ती मोबाइलवरच्या अॅपने. दिसायला अचाट. पण माझा प्रश्न साधा आहे. दहा वर्षांनी तो फोन असेल का? ते अॅप नव्या फोनवर चालेल का? दात्यांच्या चाकाला चार्जिंग लागत नाही आणि पासवर्डही लागत नाही. १९७७ चा तो सांगाडा माळ्यावरून काढला तर आजही त्याचे दट्टे हलतील.

मोटारीला माझा विरोध नाही. मोटार लागली की गाडीत नवे प्रश्न येतात. ओझे जास्त झाले तर काय? त्यासाठी एक खास चोवीस दात्यांचे चाक असते, जोर वाढला की ते आतल्या आत घसरते, टकटक आवाज येतो आणि बाकीचे दाते वाचतात. हे शिकण्यासारखेच आहे. माझे म्हणणे इतकेच की हाताने फिरवायची सोय राहू द्या. बोटाला जड लागले तर मूल थांबते आणि "कुठे अडकले?" ते बघते. पडद्यावर बोट फिरवून ते कळत नाही.

तांत्रिक हौसेचे टोक बघायचे असेल तर २०१८ ची गोष्ट. लेगोने खऱ्या आकाराची बुगाटी शिरॉन बांधली. दहा लाखांहून जास्त टेक्निक तुकडे, डिंक नाही, आणि २,३०४ छोट्या खेळण्यातल्या मोटारी. इतक्या मोटारी मिळून जोर निघाला सुमारे ५.३ अश्वशक्ती, खऱ्या गाडीचा असतो दीड हजार. तरी ती माणूस बसवून ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेली. मुलांनी हे वाचले तेव्हा आमच्या पुतण्याने विचारले, "इतके दाते एकमेकांवर घासून सगळा जोर वाया गेला असेल ना?" हा प्रश्न सुचला, तिथेच मला या छंदाची किंमत वसूल झाल्यासारखी वाटली.

मुलींच्या हातात कधी?

आता जे बोलायचे म्हणून हा लेख लिहायला घेतला ते बोलते. आमच्या घरी पुतण्याला गाडी आली आणि त्याच वयाच्या माझ्या लेकीला मण्यांचा संच आला. आणणारे पाहुणे प्रेमाचेच. "मुलीला गिअर घेऊन काय करायचे?" हेही त्यांनी प्रेमानेच विचारले. लेक काही बोलली नाही. पण अंदाजाचा कागद लावला तेव्हा सर्वांत बारीक अंदाज तिचे होते. मागच्या पत्र्याच्या आकारावरून तिने "इंजिन मध्ये आहे, म्हणून दांडा छोटा असेल" असे लिहिले होते. मामंजींनी तो कागद दोनदा वाचला.

मैत्रिणींनो, मिक्सर बिघडला, शिलाई मशीनचा दोरा तुटू लागला, गिरणीचा पट्टा सैल झाला, तर घरात आधी कोण ओळखते? आपणच. आवाजावरून ओळखतो. यंत्राचा कान आपल्याला आहेच, फक्त त्याला कोणी शिक्षण म्हटले नाही. मुलींना ते नाव मिळू द्या. गाडी घरात एकच येणार असेल तर ती दोघांची म्हणून येऊ द्या, आणि गिअरबॉक्सची पाने मुलीकडे, दरवाजे-दिव्यांची पाने मुलाकडे, असेही एकदा करून बघा.

पैशाचे काय?

हा प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा. मॅक्लारेनची अमेरिकेतली किंमत ४५० डॉलरच्या घरात होती. खेळण्यासाठी ही रक्कम थोडी नाही. घरात वस्तू किती असाव्यात याला परिमाण घालण्याची सवय आपल्याला लहानपणापासून लावलेली असते, ती खेळण्यांच्या कपाटापाशी सुटू नये. म्हणून तीन गोष्टी सुचवते.

एक, लेगो आपल्या संचांच्या जोडणीच्या पुस्तिका संकेतस्थळावर फुकट देते. संच न घेताही जुन्या गाड्यांचा गिअरबॉक्स पानोपान बघता येतो. नव्या गाडीचा अंदाज बांधायला याहून चांगला अभ्यास नाही.

दोन, लहान संचापासून सुरुवात करा. शे-दोनशे तुकड्यांत स्टिअरिंग किंवा उचलणारा बाहू नीट चालत असेल, तर तो चार हजार तुकड्यांच्या शोभेच्या गाडीपेक्षा बरा. आपल्या वडिलांच्या पिढीने लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्टचे मेकॅनो खेळले, त्यांचे काही अडले नाही. मोठ्या गाड्यांच्या खोक्यावर तर १८ वर्षांवरील वय छापलेले असते, तेही बघा.

तीन, मोठा संच घ्यायचाच असेल तर दोन-तीन घरांनी मिळून घ्या. एका घरी बांधून झाला की सुटा करायचा, तुकडे मोजून डब्यात भरायचे आणि पुढच्या घरी द्यायचा. सुटा करताना मुले बांधताना शिकतात त्याहून जास्त शिकतात. आणि कपाटात धूळ खात पडलेली गाडी कोणाच्याच कामाची नाही.

आमचा कागद सध्या स्वयंपाकघराच्या दारावर लावला आहे. इंजिन, गिअर, डिफरन्शियल, सस्पेन्शन, स्टिअरिंग, आणि शेवटी "आतले दिसेल का?" अशा सहा ओळी आहेत. गाडी जाहीर झाली की अंदाज ताडून बघू. सहापैकी चार गोष्टी खऱ्या यंत्रासारख्या असतील तर घ्यायचा विचार करू, आणि नुसते रंगरूप असेल तर त्याच पैशात दोन-तीन छोटे संच येतील. तुमच्या दारावरही असा कागद लावा, आणि पहिला अंदाज लेकीला लिहू द्या.